आयपी ब्लॉक करा, पण नेमका आणि मुदतीचा

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पतसंस्था, वाचनालये, शाळा यांच्या वेबसाइटवर लॉगिनचे पासवर्ड आजमावणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) रात्रंदिवस आदळत असतात. त्यांचे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) ब्लॉक करावेच लागतात. पण वैतागून पत्त्यांची अख्खी रेंजच कायमची बंद केली, तर बॉटबरोबर आपला सभासदही दाराबाहेर राहतो.

मोबाइल कंपन्या आयपीव्ही4 चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटतात. आज ज्यावरून हल्ला झाला, तोच पत्ता उद्या खानापूरच्या एखाद्या शिक्षिकेच्या फोनला मिळू शकतो. स्लॅश 24 (रेंजचे एक माप) बंद केले की 256 पत्ते जातात, त्याहून मोठ्या स्लॅश 16 ला 65,536. ‘कर्नाटकाबाहेरचे बंद’ हा नियम तर सीमाभागात लावूच नये. इथे महाराष्ट्र सर्कलचे सिम वापरणारे कितीतरी आहेत, आणि आयपीवरून काढलेले ठिकाण मुळात अंदाजाचेच असते.

हे काम लॉग (सर्व्हरच्या नोंदी) वाचून पत्ते अडवणाऱ्या फेल2बॅन या प्रोग्रामवर सोपवावे. मूळ मांडणीत 10 मिनिटांत 5 चुका झाल्या की तो 10 मिनिटांची बंदी घालतो. ती तासाभराची करावी आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्यासाठी वाढती ठेवावी. त्याआधी आपल्या कार्यालयाचा पत्ता ‘इग्नोरआयपी’त, म्हणजे बंदीतून वगळायच्या यादीत, घालावा, नाहीतर आपणच सर्व्हरबाहेर पडतो. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीत एक खोच आहे: लॉगिन चुकले तरी सर्व्हरचे उत्तर 200 (‘ठीक’) जाते, बरोबर आले तर 302 (‘दुसऱ्या पानावर जा’). म्हणून फेल2बॅनच्या फिल्टरने (लॉगमध्ये काय शोधायचे ते सांगणाऱ्या नियमाने) लॉगिन पानावरच्या 200 उत्तराच्या पोस्ट (फॉर्म पाठवणाऱ्या) विनंत्या मोजायला हव्यात. 403 (‘प्रवेश नाही’) शोधणाऱ्या फिल्टरला काहीच सापडत नाही.

हाताने बंदी घालायची तर इंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ‘डिनाय’ची ओळ लिहून आधी मांडणी तपासावी, मगच रीलोड करावे. अपाचे 2.4 या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये ‘रिक्वायर नॉट आयपी’ एकटे चालत नाही. ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’सह ते ‘रिक्वायरऑल’ गटात लागते. आयपीव्ही6 वर, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, एकेक पत्ता अडवणे व्यर्थ, तिथे स्लॅश 64 धरावे.

सर्वांत महागात पडणारी चूक क्लाउडफ्लेअर (वाचक आणि सर्व्हर यांच्या मध्ये उभी राहणारी सेवा) वापरणाऱ्यांकडून होते. लॉगमध्ये दिसणारे पत्ते क्लाउडफ्लेअरचेच असतात. ते ब्लॉक केले की सगळेच वाचक अडकतात. पाहुण्याचा खरा पत्ता हेडरमधून (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीतून) घ्यावा, पण तो हेडर क्लाउडफ्लेअरच्या रेंजकडून आला तरच मानावा, कारण इतर कोणीही तो खोटा लिहू शकतो. आणि अशा साइटवर सर्व्हरच्या फायरवॉलमधली बंदी कुचकामी ठरते; ती क्लाउडफ्लेअरच्याच पॅनलमध्ये घालावी लागते.

चुकून अडकलेल्यासाठी 403 च्या पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये कार्यालयाचा फोन नंबर द्यावा. इंजिनएक्समध्ये त्या पानाच्या लोकेशनला (मांडणीतल्या त्याच्या भागाला) ‘अलाउ ऑल’ वेगळे लिहावे लागते, नाहीतर ते पानही त्याच बंदीत अडकते.

– वेब सर्व्हर सांभाळणारे तंत्रज्ञ, बेळगाव