रोटोरुआहून घरी पत्र

रोटोरुआ, न्यूझीलंड
जुलै 2025

जय सेवा बाबा, जय सेवा आई,

फोनवर बाबा "बरी आहेस ना? घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहिते आहे. मी मजेत आहे. थंडी कडक आहे, पण घरात हीटर आहे. गंधकाचा वास आता नाकाला कळतही नाही.

मोठे बाबांनी पाठवलेला इथल्या संसदेतला तो व्हिडिओ मागच्या नोव्हेंबरचा आहे. संसदेत मारामारी झाली नव्हती. कागद फाडून हाका म्हणजे माओरींचा पारंपरिक नाच करणारी मुलगी म्हणजे हाना-राफिटी मायपी-क्लार्क, तेव्हा 22 वर्षांची खासदार. माओरी म्हणजे इथले मूळ रहिवासी, त्यांच्या आणि इंग्रजांच्या 1840 च्या वायटांगी कराराचा अर्थ नव्याने ठरवणारं विधेयक तिने फाडलं. या एप्रिलमध्ये ते 112 विरुद्ध 11 मतांनी पडलंसुद्धा. जूनमध्ये मात्र तिला 7 आणि तिच्या माओरी पक्षाच्या दोन्ही नेत्यांना 21 दिवस निलंबित केलं. रस्त्यावर काही पेटलेलं नाही. मी ड्युटीवर जाते, घरी येते.

आई, मी त्या पक्षाच्या सभेला गेले कारण वॉर्डातल्या एका माओरी सिस्टर घेऊन गेल्या, आणि तिथे जेवण होतं. 2023 ला मतही दिलं. इथे कायम राहण्याचा परवाना असला आणि वर्षभर राहिलं की मत देता येतं, आपल्या पासपोर्टला धक्का लागत नाही. सगळी चौकशी करूनच दिलं. कोणाला दिलं ते विचारू नका, बाबांनी तुला तरी कधी सांगितलं?

इथली एक रीत मात्र सांगायलाच हवी. मराए म्हणजे त्यांचं समाजाचं आवार, आपल्या गोंडांच्या गोटुलासारखं म्हणू. सरळ आत जायचं नाही. फाटकाशी थांबायचं, आतून एक बाई लांब सुरात हाक देते, आपल्यातली एक बाई उत्तर देते, मग बायका पुढे अशा हळूहळू चालायचं. नंतर भाषणं. आणि प्रत्येक भाषण संपलं की बोलणाऱ्याच्या माणसांनी उभं राहून गायचं. पाहुण्यांनीही! गाणं झालं नाही तर बोलणारा एकटा पडला, त्याच्यामागे कोणी नाही, असा अर्थ. भाषण कितीही चांगलं असो, त्याने भागत नाही. आमच्यातल्या साहेबांचं बोलणं संपलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मी आजीचं रेला, आपलं गोंडी गाणं, गायला लागले. पुढच्या ओळी आठवेनात म्हणून रे रेला, रे रेलाच घोळवलं. मग नाकाला नाक लावून भेटायचं, आणि त्यानंतरच जेवण. आपल्याकडच्या सभांना हा नियम लावला तर निम्मे पुढारी मुके होतील.

बाबा, तुम्ही विचारलं, असल्या छोट्या पक्षाचं पुढे काय होतं. तुमच्या मनात आपले गोंड नेते हिरासिंह मरकाम आहेत, माहीत आहे. 1991 ला त्यांची गोंडवाना गणतंत्र पार्टी, 2003 ला मध्य प्रदेशात तीन आमदार, आणि मग फाटाफूट. इथेही तेच. माओरी नेते मातियू राटा मंत्री राहिलेले, लेबर पक्ष सोडून 1980 ला मना मोटुहाके नावाचा पक्ष काढला, आणि स्वतःची जागाच पोटनिवडणुकीत हरले. मग 2003 ला कोर्ट म्हणालं, समुद्रकिनाऱ्यावरचा हक्क माओरींना मागता येईल. सरकारने किनारा सरकारी करायला घेतला, तेव्हा मंत्री असलेल्या तारियाना तुरिया लेबर पक्ष सोडून बाहेर पडल्या. 2004 चा माओरी पक्ष तो हा. त्याच्याही चार जागा, मग पाच, मग फूट. 2017 ला शून्य! 2020 ला आमच्याच वाइआरिकी मतदारसंघाने परत आणला, 2023 ला सातपैकी सहा राखीव जागा.

पण फरक ऐका. आपल्या राखीव जागेवर उमेदवार आदिवासी आणि मतदार सगळे, म्हणून तिकीट मोठ्या पक्षाचं आणि माणूसही त्यांचाच. इथे उलटं. उमेदवार कोणीही चालतो, मतदार मात्र माओरी यादीतलेच. या जागा 1867 च्या कायद्यापासून आहेत. म्हणून हा पक्ष शून्यावरून उठू शकतो. मरकाम दादांच्या माणसांत दम नव्हता असं मोठे बाबा म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेल्या नागपुरात आपण मोजून किती, ते तुम्हीच सांगा.

असो. स्लॅबचे पैसे सोमवारी टाकते. ठेकेदाराला सगळे एकदम देऊ नका. माझं पोट कापून पाठवते असं आईने कोणाला सांगू नये, ओव्हरटाइमचे आहेत.

छोटूचं लग्न माझ्यासाठी अडवू नका. मोठी बसली आहे आणि धाकट्याचं कसं, असं लोक म्हणतील, म्हणू द्या. चंद्रपूरच्या मुलाचं कळलं, कुळाच्या देवांचा मेळ बसतो, नोकरीही चांगली, पण तो इथे येणार नाही आणि मी इतक्यात तिकडे येणार नाही. त्यांना ताटकळत ठेवू नका, नाही कळवा. मुलगा वाईट नाही, हेही सांगा. लग्नाला सुट्टी मागितली आहे, मिळेलसं वाटतं. हळदीला नाही पोचले तरी लग्नाला नक्की. आई, तिकिटाच्या पैशांत तुझे दोन्ही मोतीबिंदू निघतील हे मी बोलले होते, ते रागात नव्हतं. ऑपरेशनची तारीख घे आणि मला लगेच कळव, पैसे वेगळे ठेवले आहेत.

तुमची,
बेबी