जर्मनीतल्या डेसाऊच्या अभ्यासदौऱ्याला येणाऱ्यांसाठी: आधी पासपोर्ट उघडून बघा

मुलांनो, व्हिसाची कागदपत्रं सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत विभागात आणून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून भागणार नाही.

पासपोर्ट घरी आहे एवढं पुरत नाही. शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मागच्या खेपेला एकाची मुदत संपत आल्याचं आयत्या वेळी कळलं, आणि तत्काळसाठी आईला रजा टाकून धावपळ करावी लागली. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. कॉलेजच्या आयकार्डाचा चालत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.

हा दौरा म्हणजे सहल नाही, याला क्रेडिट आहेत. बाउहाउस ही कला आणि स्थापत्याची प्रसिद्ध शाळा १९२५ मध्ये वायमारहून डेसाऊला आली, तिचा संस्थापक वास्तुविशारद ग्रोपिअस याने बांधलेली इमारत १९२६ ची. तिथली काचेची भिंत समजायची तर आधी आपली मुंबई बघा. म्हणून रविवारी सकाळी ७ ला ओव्हल मैदानात जमायचं. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको शैलीतल्या इमारती. छज्जे आणि गोलाकार बाल्कन्या स्केचबुकात उतरवायच्या. मोबाइलवर फोटो नकोत. (लोकलचा मेगाब्लॉक साधारण ११ नंतर असतो, तेव्हा ती सबब नको.)

शुल्काचा दुसरा हप्ता राहिलेल्यांनी मला एकट्याने येऊन भेटा, ग्रुपवर चर्चा नको.

— दौरा समन्वयक