मेळ्याच्या आठवड्यातली विमानं

लाइपझिग

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. नातवाला विमानांचं वेड लागलंय हे वाचून हसू आलं. आजोबांचंच रक्त! आता त्याला श्कॉयडिट्झच्या, म्हणजे इथल्या विमानतळाच्या, कुंपणाबद्दल सांगच.

एरवी त्या विमानतळावर बघण्यासारखं काय होतं रे? तेव्हाच्या पूर्व जर्मनीच्या सरकारी कंपनीची, इंटरफ्लुगची, तीच लाल-पांढरी विमानं. इल्युशिन-१८ चे चार पंखे घरघरत यायचे, नाहीतर काचेच्या नाकाचं टीयू-१३४. पण मार्चमध्ये नि सप्टेंबरच्या सुरुवातीला व्यापार मेळा भरला, की आठवडाभर त्या विमानतळाचा नूरच पालटायचा. केएलएमचं निळं, एअर फ्रान्सचं पांढरं, ऑस्ट्रियनचं लाल शेपूट. होस्टेलवर आपण शेपटांवरून कंपन्या ओळखायच्या पैजा लावायचो, आणि तू दर वेळी जिंकायचास, ते मला अजून खुपतं. फोटो काढायची सोय नव्हती. विमानतळाकडे कॅमेरा रोखला असता तर आपला व्हिसाच गेला असता.

सरकारला भांडवलशाही नको होती, पण तिचं चलन हवं होतं. त्यापायी वर्षातून दोनदा दार किलकिलं व्हायचं. पाहुण्यांना हॉटेलं पुरायची नाहीत, म्हणून लोक स्वतःच्या खोल्या भाड्यानं द्यायचे. दुकानांत एकदम फळं दिसायची. आपली घरमालकीण मेळा संपला की पुन्हा कोबीवर यायची, आठवतंय?

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मेळ्याला एअर फ्रान्सचं काँकॉर्ड, ते आवाजाहून वेगानं उडणारं विमान, उतरलं, त्याचं कौतुक अजून इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ज्या देशातल्या माणसाला पॅरिसला जायची मुभा नाही, त्याच्या अंगणात ते येऊन उभं राहिलं! मला त्यात थोडा क्रूरपणाही वाटतो. तू म्हणशील, मी फार विचार करतो.

एक गोष्ट तेव्हा कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. १ सप्टेंबर १९७५ ला स्टुटगार्टहून मेळ्याच्या पाहुण्यांना घेऊन येणारं इंटरफ्लुगचं टीयू-१३४ उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. ३४ जणांपैकी २७ गेले. आपण इथे यायच्या आधीची गोष्ट, पण कुंपणापाशी भेटणारे ते रेल्वेतले काका धुकं पडलं की गप्प व्हायचे, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

पश्चिम जर्मनीहून नेहमीचं विमान यायला १९८९ चा ऑगस्ट उजाडला. लुफ्तहान्सा फ्रँकफर्टहून येऊ लागली, आणि तीनेक महिन्यांत बर्लिनची भिंतच पडली. नियमित सेवा सुरू झाली, आणि ज्या सीमेमुळे तिचं अप्रूप होतं, ती सीमाच उरली नाही. मेळा १९९६ मध्ये शहराच्या उत्तरेला नव्या काचेच्या दालनांत गेला. आता पाहुणे गाडीनं येतात, रेल्वेनं येतात, कोण कुठल्या देशाचा याची कोणाला पडलेली नाही.

विमानतळ मात्र तेव्हापेक्षा कितीतरी गजबजलेला आहे, आणि तोही रात्री. २००८ पासून डीएचएलचं केंद्र इथे आहे, पार्सलांची पिवळी विमानं पहाटेपर्यंत चालू असतात. शेजारची बाई आवाजावरून वैतागून पत्रकं वाटते. मी सही केली नाही. झोप मोडते, पण खिडकीशी जाऊन कुठलं विमान ते बघितल्याशिवाय राहवत नाही.

नातवाला सुट्टीत घेऊन ये. बघायला कुंपण आहेच, आणि आता फोटोलाही मनाई नाही. गुडघ्यांचं काय ते कळव, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना रूम पार्टनर