आमच्या मर्फीसाठी धावून आलेल्या रेडिओ मेकॅनिककाकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

वडिलांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना मर्फी रेडिओ तुम्ही दुरुस्त केलात, त्याचा हिशेब पूर्ण झाला. पण नंतर तुम्ही आपणहून घरी आलात, गच्चीवर चढून एरियलची तार पाहिलीत आणि त्याचा एक रुपयाही घेतला नाहीत. ते मनावर राहिलंय. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण जुने सेट जपणाऱ्या प्रत्येकाला तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

सेटची एरियल कॉइल, म्हणजे एरियलची तार आत जिथे जोडली जाते ते बारीक तारेचं वेटोळं, जळाली होती. वीज घरावरच पडावी लागत नाही, हे तुम्ही समजावलंत. जवळपास कडाडली तरी लांब तारेत विजेचा मोठा दाब उसळतो. वळवाआधीच्या कोरड्या, धुळीच्या वाऱ्यानंही तारेवर विद्युतभार साचत जातो. व्हॉल्व्ह अशा धक्क्यातून बहुधा तरतो, केसासारख्या तारेची कॉइल तरत नाही. ती विकतही मिळत नाही; तुम्ही ती हातानं गुंडाळलीत.

अर्थिंग जोडण्याआधी तुम्ही सेट उघडून ट्रान्सफॉर्मर आहे की नाही ते पाहिलंत. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये मेन्सची एक वायर थेट चासीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला असते. अशा चासीला अर्थ जोडणं जिवावर बेतू शकतं. आमचा सेट ट्रान्सफॉर्मरचा निघाला, तेव्हाच तुम्ही अर्थची वायर हातात घेतलीत. ही सावधगिरी मला सगळ्यात मोलाची वाटते.

मग खिडकीबाहेरच, तार घरात शिरण्याआधी, तुम्ही एरियल आणि अर्थमध्ये ९० व्होल्टची गॅस डिस्चार्ज ट्यूब बसवलीत; दाब फार वाढला की ती वीज अर्थकडे वळवते. तिच्याशी समांतर १ मेगओहमचा रेझिस्टर लावलात, म्हणजे साचणारा भार हळूहळू उतरत राहील. अर्थची वायर आखूड आणि सरळ ठेवलीत आणि तो अर्थ घराच्या अर्थिंगला जोडलात, नाहीतर दोन अर्थांमध्येच दाबाचा फरक पडला असता. उलटसुलट जोडलेले दोन डायोड स्वस्तात पडले असते. पण ते ०.६ व्होल्टच्या आसपासच वीज वाहू देतात, आणि जवळचं जोरदार स्टेशन असलं की डायलवर भलत्याच ठिकाणी स्टेशनांची भुतं ऐकू येतात, म्हणून तुम्ही ते टाळलेत. तुम्हाला सेट नुसता वाचवायचा नव्हता, तो नीट ऐकूही यायला हवा होता.

आणि थेट पडलेल्या विजेपुढे यातलं काहीच टिकत नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. म्हणून नाईफ स्विच (हातानं पातं फिरवायचा स्विच) बसवून दिलात: सेट बंद की एरियल अर्थला, मेन्सचा प्लगही बाहेर, आणि हे सगळं ढग गडगडायच्या आधी. आईनं हा नेम लगेच उचलला.

काका, मनापासून आभार. आमच्या गल्लीतले आणखी दोघे आपापली एरियल तुम्हाला दाखवणार आहेत. त्यांच्याकडून निदान येण्याजाण्याचा खर्च तरी घ्या.

आपला,
मर्फीवाल्यांचा मुलगा