स्वखर्चाची उमेदवारी म्हणजे स्वच्छता नव्हे

अमेरिकी वित्तसम्राट आणि राजकारणी जॉन कॉर्झाइन यांच्यावरील आपल्या अंकातील लेख वाचला. ‘स्वतःच्या पैशावर निवडून आलेला नेता कोणाचा मिंधा नसतो’ हे त्यातील प्रतिपादन पटले नाही. गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचे प्रमुखपद सोडून कॉर्झाइन यांनी २००० मध्ये सिनेटच्या एका जागेसाठी पदरचे सुमारे ६ कोटी डॉलर ओतले. पुढे ते न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले; २००९ मध्ये मतदारांनी त्यांना नाकारले.

लेख तिथेच थांबतो, आणि माझा आक्षेप नेमका तोच आहे. त्यानंतर त्यांनी एमएफ ग्लोबल ही दलाली पेढी हाती घेतली. युरोपीय सरकारी रोख्यांवरील अवाढव्य जोखमीने ती ऑक्टोबर २०११ मध्ये बुडाली. पेढीच्या पैशापासून स्वतंत्र ठेवायच्या ग्राहकांच्या रकमेत एक अब्ज डॉलरहून अधिक तूट निघाली. त्या ग्राहकांत धान्याचे वायदे करणारे शेतकरीही होते, आणि कॉर्झाइन स्वतः इलिनॉयमधील शेतकरी कुटुंबातले! ग्राहकांना पैसे कालांतराने परत मिळाले. या प्रकरणी कॉर्झाइन यांना २०१७ मध्ये ५० लाख डॉलर दंड झाला. देणगीदारांचे ओझे नसले तरी जोखमीची सवय सुटत नाही, हे सांगणारा हा अध्याय लेखात हवा होता.

– एक वाचक, पुणे