अंडं नको म्हणणाऱ्यांनी त्या जागी काय वाढलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी धोरणात धर्माला आणि नीतिमूल्यांना जागा असावी की नसावी, यावरची वाचकांची पत्रं मी नेमाने वाचते आहे. एक पक्ष म्हणतो धर्म उंबऱ्याच्या आत ठेवा, दुसरा म्हणतो धर्म सोडला की राज्य बुडालंच. दोन्हीकडच्या मंडळींना शाळेत खिचडी वाटण्याची वेळ कधी आलेली दिसत नाही. माझ्यावर ती रोज यायची, म्हणून हे पत्र.

मी सोलापूरच्या बाळीवेशीतली, लिंगायत घरातली. आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी शिरलं नाही आणि शिरणारही नाही. नोकरी मात्र पूर्व भागातल्या शाळेत झाली, निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापिका होते. पटावर विडी कामगारांची मुलं जास्त. आई पहाटेपासून मांडीवर सूप घेऊन पानं कापत बसलेली, आणि पोरं चहात बुडवलेल्या बटरवर शाळेत आलेली. अकराच्या सुमाराला वर्गात डोळे जड झालेली मुलं दिसायची. त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शासन निर्णय आला. पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं. अंड्यामागे पाच रुपये धरले होते. ऐन थंडीत दुकानदार साडेसहा-सात सांगायचा. वरचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न वरच्यांना विचारायचा नसतो.

पहिल्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकी ताई अडून बसल्या. माळकरी बाई, पंढरीची वारी चुकवत नाहीत. ‘‘बाई, कामावरनं काढा, पण मी त्या पातेल्याला हात लावणार नाही.’’ त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. मी एक वेगळं ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं, कडेला लाल रंगाचा पट्टा ओढून घेतला, उकडायचं-सोलायचं काम दुसऱ्या मदतनीस ताईंनी घेतलं आणि माळकरी ताई केळी वाटू लागल्या. पंगत एकच. कुणाची माळ उतरली नाही, कुणाचं अंडं चुकलं नाही. अंड्याच्या दिवशी हजेरीही इतर दिवसांपेक्षा बरी असायची. आदल्या दिवशी दांडी मारलेली पोरंसुद्धा ‘‘बाई, उद्या गुड्डू ना?’’ असं फाटकातूनच विचारून जायची. गुड्डू म्हणजे तेलुगूत अंडं.

मग जानेवारी २०२४ मध्ये नवी सूचना आली. ४० टक्के पालकांचा विरोध असेल, तर त्या शाळेत अंडं द्यायचं नाही. हिशोब सरळ आहे. पन्नास मुलांच्या शाळेत वीस पालक नको म्हणाले की उरलेल्या तीस मुलांनाही शाळेत अंडं नाही. बरं, त्या वीस मुलांवर कुणी सक्ती केली होती का? त्यांना केळं होतंच. पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, शेजारच्या मुलाच्या ताटाचा वास येतो. मी म्हटलं, शाळेच्या कोपऱ्यावर संध्याकाळी आम्लेटची गाडी लागते, तिच्यासमोरूनच आपण घरी जाता. सभा हसली, ते गृहस्थ मात्र दुखावले. मी बोलले नसते तर बरं झालं असतं, पण मुद्दा खोटा नव्हता.

आमच्या शाळेत विरोध ४० टक्क्यांपर्यंत गेला नाही. त्याचा उपयोग झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधीच थांबवला आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या, असं कळवलं. विडी वळणाऱ्या बाईकडे वर्गणी मागायला जाऊन बघा एकदा.

आता धर्माचं. मी धर्म बाहेर ठेवा म्हणणाऱ्यांतली नाही. सोलापुरात राहून ते म्हणताही येणार नाही. सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवलं ते धर्म म्हणूनच, असं मानत आम्ही वाढलो. कायक म्हणजे कष्टालाच पूजा मानणं आणि दासोह म्हणजे मिळालेलं वाटून खाणं, या दोन गोष्टी मला घरी पाठ्यपुस्तकाच्या आधी शिकवल्या गेल्या. पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यातलं. १९४७ साली विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी तिथे उपोषणाला बसले. ते श्रद्धाळू होते, आणि विरोध करणारेही स्वतःला श्रद्धाळूच म्हणवत होते. एकाच विठोबाच्या नावाने एक जण दार उघडायला सांगत होता, दुसरा बंद ठेवायला. तेव्हा धर्म हवा की नको, एवढं विचारून भागत नाही.

दारूचंच घ्या. गावातल्या बायका मतदानाने बाटली आडवी करतात, तेव्हा मी त्यांच्या बाजूने असते, आणि तोही नीतीचा आग्रहच आहे. पण मार त्या बायका खातात, पगार त्यांच्या घरचा बुडतो. मागणी ज्यांची, झळही त्यांनाच. अंड्याच्या बाबतीत नको म्हणणाऱ्याचं ताट भरलेलं होतं, आणि रिकामं झालं ते दुसऱ्याच्या मुलाचं. राज्यघटनेच्या ज्या ४७ व्या कलमाचा दारूबंदीसाठी हवाला दिला जातो, त्यातच लोकांचं पोषण वाढवणं हे राज्याचं आद्य कर्तव्य म्हटलं आहे. ते वाक्य दारूच्या आधी येतं.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा सरकारचाच निकष आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, केळ्यात जेमतेम एक. म्हणजे शाकाहारी मूल पहिल्या दिवसापासून फसवलं जात होतं. आमच्याच समाजातली ती मुलं! त्यांच्या बाजूने आमच्यातला एकही धर्मरक्षक उठून म्हणाला नाही की केळ्याऐवजी शेंगदाणे द्या. पंचवीस ग्रॅम, लहानशी मूठभर शेंगदाण्यांत अंड्याएवढी प्रथिनं भरतात, आणि शेंगांचं महत्त्व सोलापूरकराला मी काय सांगावं! सगळा जोर अंडं काढण्यावर होता. त्या जागी काय वाढायचं, हे कुणाच्या निवेदनात निदान माझ्या वाचनात तरी आलं नाही. याला अहिंसा म्हणायला माझं मन धजत नाही.

पलीकडे कर्नाटकातही २०२१ मध्ये आमच्यातल्याच काही मठाधीशांनी विरोध केला होता. तिथल्या सरकारने त्यांचं ऐकून घेतलं, न खाणाऱ्यांसाठी केळं-चिक्कीचा पर्याय ठेवला, पण अंडं बंद केलं नाही. पुढे २०२४ मध्ये एका फाउंडेशनची मदत घेऊन ते आठवड्यातले सहा दिवस केलं. तिथल्या लिंगायतांचा धर्म बुडाल्याची बातमी अजून आलेली नाही.

निधी पुन्हा सुरू व्हावा, दर बाजारभावाने ठरावा, ४० टक्क्यांची अट जावी. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक पालकाकडून आपल्या मुलापुरतं ‘अंडं की शेंगदाणे’ एवढं लिहून घ्यावं. या मागणीचं निवेदन आमच्या समाजातूनच गेलं तर त्याला वजन येईल. मसुदा मी लिहून ठेवला आहे. सही करणाऱ्यांनी मल्लिकार्जुन मंदिराजवळ विचारावं, माझं घर कुणीही दाखवेल.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
बाळीवेस, सोलापूर