शब्दार्थाला वाक्याची जोड हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानावर रोजच्या वापरातील इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ नियमित प्रसिद्ध होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाची अनेक मुले दहावीनंतर पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी माध्यमात जातात आणि त्यांच्यासाठी हे सदर कात्रणे काढून ठेवण्याइतके उपयोगाचे आहे. मात्र एका शब्दापुढे एकच अर्थ छापण्याची पद्धत बदलावी, अशी निवृत्त शिक्षक या नात्याने माझी कळकळीची विनंती आहे.

इंग्रजीत जो शब्द अधिक साधा, त्याला बहुधा अर्थही अधिक असतात. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या बृहत्कोशात ‘सेट’ या एवढ्याशा शब्दाच्या ४०० हून अधिक अर्थच्छटा नोंदवलेल्या आहेत. ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड, एवढेच पाठ केलेला विद्यार्थी वाणिज्य शाखेत गेल्यावर व्याजाच्या उदाहरणापाशी अडतो. ‘सोल्यूशन’ गणितात उकल असते, तर रसायनशास्त्रात द्रावण. ‘पॉवर’ बीजगणितात घात, भौतिकशास्त्रात शक्ती आणि राज्यशास्त्रात सत्ता होते. या मुलांना मूळ संकल्पना मराठीतून चांगली समजलेली असते आणि तरीही, केवळ इंग्रजी नावाची ओळख न पटल्यामुळे, ती वर्गात गप्प बसतात, याचे फार वाईट वाटते.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे आणि पुण्या-मुंबईत तयार होणाऱ्या शब्दसंग्रहांत तिची दखल घेतली जाण्याचे कारण नाही. येथील मुले इंग्रजी शब्दाचा अर्थ कधी मराठीतून, तर कधी कन्नड गाईडमधून घेतात. दोन्ही भाषांत संस्कृतातून आलेला शब्द एकच असला, तरी त्याचा अर्थ पुष्कळदा निराळा असतो. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे शंका, म्हणून ते ‘डाउट’ या शब्दापुढे दिसते. मराठीत मात्र अनुमान म्हणजे निष्कर्ष. ‘ऑपॉर्च्युनिटी’ला कन्नडमध्ये ‘अवकाश’ म्हणतात, तर आपल्याकडे अवकाशयान उडते. ‘एम्प्लॉयमेंट’चा कन्नड अर्थ ‘उद्योग’ असा वाचलेला मुलगा अर्थशास्त्रात नोकरी आणि कारखानदारी यांची गल्लत करतो, यात त्याचा दोष कसा मानावा? दोन भाषा येणे हे या मुलांचे बळ आहे, फक्त असे फसवे शब्द त्यांना वेळीच कोणीतरी दाखवून द्यायला हवेत.

म्हणून प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे दोन-तीन प्रमुख अर्थ, प्रत्येक अर्थाचे एक छोटे इंग्रजी वाक्य, तो ज्या विषयात येतो त्याचा उल्लेख आणि गरज असेल तेथे कन्नड अर्थाविषयी एक ओळ द्यावी. त्यासाठी रोजच्या शब्दांची संख्या कमी करावी लागली तरी हरकत नाही. दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक बेळगाव शहरात आणि तालुक्यांत पुष्कळ आहेत; आपण आवाहन केल्यास ते शब्द सुचवतील आणि तपासूनही देतील.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका